जीबीचा भाव सोडा, सिम जिवंत ठेवायचं भाडं विचारा

रिचार्ज वाढलं की आपल्याकडे नागपुरात वाद कसा होतो ते आता पाठ झालंय. एक पार्टी म्हणते ही लूट आहे, सगळ्यांनी एकाच दिवशी पोर्ट मारा, बीएसएनएल घ्या, मग बघा कशा सरळ होतात कंपन्या. दुसरी पार्टी म्हणते जगात एवढा स्वस्त डेटा कुठे मिळतो ते दाखवा, धरमपेठेत बसून दोनशेची कॉफी पिता अन महिन्याच्या तीनशे रुपयांसाठी रडता. मग कोणीतरी अंबानी काढतो, कोणीतरी टू जी घोटाळा काढतो, आणि शेवटी ॲडमिन ग्रुपला कुलूप लावून झोपायला जातो. डिसेंबर 2019 मध्ये हेच झालं, नोव्हेंबर 2021 मध्ये हेच झालं, जुलै 2024 मध्ये तर जास्तच झालं, आणि पुढच्या वाढीलाही यापेक्षा वेगळं काही होईल असं मला वाटत नाही.

माझं म्हणणं असं की दोन्ही पार्ट्या भलत्याच गोष्टीवर भांडून राहिल्या आहेत. डेटा महाग नाहीये. महाग झालंय ते नंबर चालू ठेवणं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कंपन्यांनी त्या एकाच पुडीत बांधल्यात, आणि आपण पुडीचं वजन करत बसलोय. डेटाचा दर बाजारावर सोडला तरी माझी हरकत नाही, पण नंबर जिवंत ठेवायला माणसाला कमीत कमी किती पैसे द्यावे लागतील हा आकडा कंपनीच्या मर्जीवर नाही राहू शकत, तो विजेच्या दरासारखा उघड सुनावणी घेऊन ठरला पाहिजे.

आता आधी समोरच्याचं खरं आहे ते मान्य करू, कारण ते मान्य न करता नुसतं लूट-लूट ओरडलं की पहिल्याच वाक्यात माणूस हरतो. 31 जुलै 1995 ला भारतात पहिला मोबाईल कॉल झाला, कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना लावला, तेव्हा मिनिटाला 16 रुपयांपर्यंत दर होता, वरून इनकमिंगचेही पैसे. त्याच काळात बर्डीवरच्या एसटीडी बूथसमोर लोक रात्री अकरा वाजायची वाट बघत उभे राहायचे, कारण अकरानंतर पाव दर लागायचा, आणि पुण्याला शिकणाऱ्या पोराशी बोलायचं तर डोळा त्या लाल आकड्यांच्या मीटरवर ठेवून बोलायचं. डेटाचं म्हणाल तर 2014 मध्ये एक जीबी सरासरी 269 रुपयांना पडायचा, आज दहाच्या आसपास पडतो. 299 चा दीड जीबी रोजवाला 28 दिवसांचा पॅक घ्या, 42 जीबी होतात, जीबीला सात रुपये. चहासुद्धा दहाला आहे. त्यामुळे 'जगात स्वस्त' वाली पार्टी खोटं बोलत नाहीये.

फक्त ते सरासरी सांगून राहिलेत, आणि सरासरी कोणाच्याच फोनमध्ये नसते. 42 जीबी पूर्ण वापरणाऱ्या पोराला जीबी सातला पडला. तोच पॅक घेऊन महिन्याला पाच जीबी वापरणाऱ्या माणसाला तो साठला पडला. उरलेला डेटा रोज रात्री बारा वाजता गायब होतो, पुढे जात नाही, कोणाला देता येत नाही. म्हणजे एकाने आख्खी सावजी थाळी चापली, दुसऱ्याने नुसता भात खाल्ला, बिल दोघांना सारखं लावलं, आणि वर सांगायचं की आमच्याकडे प्रति घास दर जगात सगळ्यात कमी आहे.

बरं, जुलै 2024 च्या वाढीत कोणाला किती चटका बसला तेही बघण्यासारखं आहे. जिओचा 2 जीबीवाला छोटा पॅक 155 वरून 189 झाला, म्हणजे जवळपास 22 टक्के. रोज दीड जीबीवाला 239 वरून 299, म्हणजे 25 टक्के. आणि सगळ्यात खादाड, रोज 3 जीबीवाला पॅक 399 वरून 449, साडेबारा टक्के. अनलिमिटेड फाइव्ह जी सुद्धा रोज 2 जीबी आणि त्यावरच्यांनाच. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये रोज 1 जीबीवाला 249 चा पॅक जिओने यादीतून काढला आणि लगेच एअरटेलनेही काढला. कागदावर ही दरवाढ नाही हां, एकही दर वाढला नाही, फक्त खालची पायरी काढून घेतली. ज्याला रोज एक जीबी पुरत होता तो आता 299 ला दीड घेणार आणि अर्धा रात्री बाराला सोडून देणार. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमात याला नाव नाही. पेपरात 'कंपन्यांनी पॅक बंद केला' अशी दोन कॉलमी बातमी आली आणि विषय संपला.

जास्त वापरणाऱ्याला कमी वाढ आणि कमी वापरणाऱ्याला जास्त वाढ, हे धंद्याच्या हिशेबाने बरोबरच आहे म्हणा. वरचा गिऱ्हाईक चिडला तर घरी फायबर घेईल. खालचा कुठे जाईल?

हा 'खालचा' कोण ते जरा जवळून बघू. मानेवाडा रोडला एका रिचार्जच्या दुकानात गर्दी असते, दुकान म्हणजे काचेचं एक काउंटर, त्यात टेम्पर्ड ग्लास आणि चार्जर लटकवलेले, मागे क्यूआर कोड. हुडकेश्वरच्या लेआउटमध्ये धुणीभांडी करणारी एक मावशी पदराच्या गाठीतून नोटा काढत होती, फोन पोराने दिलेला, स्क्रीनला तडा.

"भाऊ, मले नेट-गिट काही नाही पाहिजे, तो लाडक्या बहिणीचा मॅसेज तेवढा आला पाहिजे."

"मॅसेजचा वेगळा पॅक नाही ना मावशी. तीन महिन्याचा बिगर-नेटचा आहे, तो टाकू का? महिन्याच्या हिशेबाने स्वस्त पडते."

"कितीचा?"

त्याने साडेचारशेच्या आसपास सांगितला. मावशीने नोटा परत मोजल्या, आणि म्हणाली, "महिन्याचाच टाक बाप्पा."

आता इथे दोन्ही पार्ट्यांनी उत्तर द्यावं. जीबीला सात रुपये हा आकडा मावशीच्या काय कामाचा? आणि पोर्ट मारून तिचा काय फायदा? तिला जे विकत घ्यायचंय ते डेटा नाहीच, तिला आपला नंबर जिवंत ठेवायचाय, कारण त्या नंबरवर ओटीपी येतो. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी 2025 मध्ये काढली तेव्हा आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी आल्याशिवाय पानच पुढे सरकत नव्हतं. बँकेचं तेच, गॅसच्या नंबराचं तेच, पीएफचं तेच, पोरांच्या कॉलेज ॲडमिशनचं तेच. व्हॅलिडिटी संपली की आधी आउटगोइंग जातं, मग काही दिवसांनी इनकमिंग, मग ओटीपी. 189 च्या हिशेबाने वर्षाचे तेरा रिचार्ज म्हणजे 2457 रुपये. दीड हजाराच्या हप्त्यातले दीडपेक्षा जास्त हप्ते हप्ता घेण्याच्या लायकीचं राहण्यातच गेले. आणि त्या 189 मधले साधारण 29 रुपये जीएसटी, जो सप्टेंबर 2025 मध्ये आयुर्विमा-आरोग्य विम्यावरून काढून टाकला पण रिचार्जवर 18 टक्के तसाच ठेवला. सरकारने एका हाताने नंबर सक्तीचा करायचा आणि दुसऱ्या हाताने त्या सक्तीवर कर घ्यायचा, याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

म्हणून 'परवडत नाही तर घेऊ नका' हा युक्तिवाद माझ्या लेखी बाद आहे. तो कॉफीला लागू होतो. जी गोष्ट राज्य व्यवस्थेने दाराची किल्ली करून ठेवली तिला लागू होत नाही.

इथे कोणी म्हणेल की अरे मग नुसत्या कॉलिंगचे पॅक आलेत ना. आलेत. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने कंपन्यांना सांगितलं की ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक द्या, आणि अशा व्हाउचरची मुदत 90 दिवसांवरून 365 दिवसांपर्यंत न्यायलाही परवानगी दिली. हेतू चांगलाच होता. जानेवारी 2025 मध्ये पॅक आले, सुरुवातीचे दर ऐकून बोंबाबोंब झाली, मग थोडे कमी केले, आणि शेवटी जिओचा 84 दिवसांचा 448 ला आणि एअरटेलचा 469 ला बसला. आता गंमत बघा. त्याच्या आधी जिओचा 84 दिवसांचाच 6 जीबीवाला पॅक 479 ला होता. म्हणजे सहा जीबी काढून घेतले आणि सूट दिली 31 रुपये.

लोक यावर चिडले की ही थट्टा आहे. मला वाटतं चिडण्याऐवजी तो आकडा फ्रेम करून ठेवायला पाहिजे होता, कारण त्यात कंपनीने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय की 479 मधला डेटाचा भाग 31 रुपये आहे, जीबीला पाचच्या आसपास, आणि उरलेले 448 हे दुसऱ्याच कशाचे तरी आहेत. कॉल तर 2016 पासून 'फ्री' म्हणून सांगून राहिले. मग 448 कशाचे? ते आहेत जोडलेलं राहण्याचे. टॉवरच्या यादीत तुमचं नाव ठेवण्याचे. विजेच्या बिलात त्याला स्थिर आकार म्हणतात आणि वेगळ्या ओळीत छापतात. इथे तो छापत नाहीत, त्याच्यावर जीबीचं रंगीत कव्हर चढवतात, आणि आपण भांडतो कव्हरवर.

आणि हे मी माझ्या मनाने लावलेलं गणित नाहीये. फेब्रुवारी 2020 मध्ये व्होडाफोन आयडियाने सरकारकडे मागणी केली होती की डेटाला जीबीमागे किमान 35 रुपये ठरवून द्या आणि त्याशिवाय महिन्याला 50 रुपये जोडणी शुल्क वेगळं घेऊ द्या. त्याच सुमारास ट्रायने किमान दर असावा का यावर कन्सल्टेशन पेपर काढला होता, जिओने जीबीला 15 पासून सुरू करून 20 पर्यंत न्या असं सुचवलं होतं. म्हणजे 'दर बाजार ठरवेल, सरकारने हात लावू नये' असं आज जे सांगतात तेच पाच-सहा वर्षांपूर्वी सरकारच्या दारात उभे राहून म्हणत होते की दर तुम्ही ठरवा, फक्त खालून ठरवा. ती मागणी मंजूर झाली नाही, ठीक आहे, नंतर गरजही उरली नाही, कारण बाजारात दोन मोठे राहिले की खालची मर्यादा आपोआप तयार होते. पण त्या कागदातून दोन गोष्टी हाती लागतात. जोडणी आणि डेटा यांचे दर वेगवेगळे काढता येतात हे कंपन्यांनाही माहीत आहे. आणि जी कंपनी तेव्हा सगळ्यात जास्त रडत होती, बुडत होती, तिनेसुद्धा जोडणीची किंमत महिन्याला 50 लावली होती. महागाई धरा, पाहिजे तर भरपूर धरा. तरी आजचा सगळ्यात लहान महिन्याचा पॅक कुठे आणि ते पन्नास कुठे.

आता कंपन्यांची बाजू, आणि ती तकलादू नाहीये. 2022 च्या फाइव्ह जी लिलावात सरकारने दीड लाख कोटींच्या घरात स्पेक्ट्रम विकला, त्यातले 88 हजार कोटी एकट्या जिओचे. 24 ऑक्टोबर 2019 ला सुप्रीम कोर्टाचा एजीआरचा, म्हणजे सरकारचा वाटा कंपनीच्या कोणत्या उत्पन्नावर मोजायचा याचा, निकाल आला आणि व्होडाफोन आयडियाचं कंबरडं मोडलं, ती अजून सरळ उभी नाही. 2016 मध्ये जिओ आली आणि 31 मार्च 2017 पर्यंत जवळपास सगळं फुकट दिलं तेव्हा आपण कोणी म्हटलं नाही की हा दर टिकणारा नाही, उलट बर्डीवर सिमसाठी रांगा लावल्या. त्या फुकटात एअरसेल गेली, आरकॉम गेली, टाटांचा मोबाईल धंदा एअरटेलकडे गेला, व्होडाफोन-आयडियाला 2018 मध्ये लग्न करावं लागलं. त्यामुळे आज दर वाढतात तेव्हा थोडा भाग त्या फुकटाची वसुली आहे हे कबूल. नेटवर्कला पैसा लागतो, आणि ज्याला मिहानच्या ऑफिसात बसून व्हिडिओ कॉल करायचेत त्याला टॉवर फुकटात मिळणार नाही.

पण एक विचारतो. कंपन्यांना जेव्हा झेपलं नाही तेव्हा काय झालं? नव्वदच्या दशकात त्यांनीच लिलावात डोळे मिटून लायसन्स फीच्या बोल्या लावल्या, भरता येईनात, तर 1999 च्या टेलिकॉम धोरणात सरकारने ठराविक फी काढून उत्पन्नातला वाटा घ्यायची सोय करून दिली. सप्टेंबर 2021 मध्ये पुन्हा पॅकेज आलं, थकबाकीला चार वर्षांची मुदत मिळाली. व्होडाफोन आयडियाची देणी शेअरमध्ये बदलत बदलत 2025 मध्ये सरकार तिच्यात जवळपास 49 टक्क्यांचं मालक झालं. मी हे चुकीचं म्हणत नाही. तिसरी कंपनी टिकणं आपल्याच हिताचं आहे. पण मग 'बाजारात ढवळाढवळ नको' हे तत्त्व नाही ना राहिलं, ती सोय झाली. कंपनीसाठी करार परत लिहिता येतो, आणि ओटीपीसाठी रिचार्ज मारणाऱ्या बाईसाठी एक किमान पॅक लिहिता येत नाही?

आणि आता वसुलीच म्हणाल तर ती होऊन राहिली आहे. एअरटेलची एका ग्राहकामागची महिन्याची कमाई जुलै 2024 च्या वाढीआधी 211 रुपये होती, वर्षभरात 250 झाली. सुनील मित्तल यांनी 300 चं लक्ष्य अनेकदा जाहीरपणे सांगितलंय. त्यात लपवाछपवी काही नाही, पण 300 ही सरासरी गाठायची म्हणजे 189 वाल्याला वर ढकलावं लागणार हे सांगायला अर्थशास्त्री नको.

पोर्टचं पण बोलून टाकू, कारण बॉयकॉट पार्टीचं सगळं घोडं तिथेच अडतं. जानेवारी 2011 पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, फार मोठी सोय होती ती. जुलै 2024 मध्ये लोकांनी खरंच करून दाखवलं, त्या एका महिन्यात बीएसएनएलला 29 लाखांवर ग्राहक मिळाले आणि तिन्ही खासगी कंपन्यांचे घटले. मग काय झालं? काही महिन्यांत ओघ आटला, पुढे उलटा फिरला. बीएसएनएलच्या स्वदेशी फोर जीचं उद्घाटन सप्टेंबर 2025 मध्ये झालं, 97 हजारांवर टॉवर, चांगली गोष्ट आहे, पण दरवाढीपेक्षा ती सव्वा वर्ष उशिरा आली. आणि खासगीतल्या खासगीत पोर्ट करून काय होणार, जिओने 27 जून 2024 ला वाढ जाहीर केली, एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने दुसऱ्या दिवशी, तिघांचीही अंमलबजावणी 3-4 जुलैला. आपसात ठरवलं होतं असं मी म्हणत नाही, ठरवायची गरजच नव्हती. 2009 मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाचं बिलिंग काढलं तेव्हा आधी मोठ्यांनी नाकं मुरडली आणि काही महिन्यांत सगळ्यांनी मुकाट्याने तेच केलं, कारण तेव्हा प्रत्येक सर्कलमध्ये, म्हणजे टेलिकॉमच्या विभागात, दहा-बारा कंपन्या गिऱ्हाईक ओढत होत्या. आज देशातले तीन चतुर्थांश मोबाईल ग्राहक दोन कंपन्यांकडे आहेत. स्पर्धा हे औषध होतं, पण आता बाटलीत तळाला थोडंसंच उरलंय.

28 दिवसांबद्दल लोकांना फार राग आहे. खरं सांगू, तो विषय वाटतो तेवढा मोठा नाही. तेरावं रिचार्ज खुपतं हे बरोबर, 299 वाल्याला वर्षाचे 299 जास्त लागतात. पण जानेवारी 2022 मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला 30 दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा असे पॅक ठेवायला लावले, कंपन्यांनी ठेवले, त्यांचे दर त्या हिशेबाने लावले, आणि कोणी घेत नाही. उद्या सगळे पॅक 30 दिवसांचे केले तर 299 चा 320 होईल, बाकी काही नाही. सगळा राग त्या दोन दिवसांवर काढला की मूळ प्रश्नासाठी काही उरत नाही.

माझ्या म्हणण्यावर सगळ्यात जड हरकत वेगळीच आहे, आणि ती मला केबलवाल्याने शिकवली. 1 फेब्रुवारी 2019 पासून ट्रायने टीव्हीसाठी नवी पद्धत आणली होती. 100 चॅनेलचे 130 रुपये अधिक कर हा जोडणीचा आकार, त्यावर पाहिजे ते चॅनेल वेगवेगळे निवडा. ऐकायला मी मागतोय तसंच आहे की नाही? आणि झालं काय, चॅनेलवाल्यांनी सुट्या चॅनेलचे भाव असे लावले की गठ्ठा घेणंच स्वस्त पडावं, महाल-इतवारीतल्या कितीतरी घरांचं बिल कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. म्हणजे वेगळं काढायला लावलं तरी कंपनी भाव फिरवून पुन्हा तिथेच आणते. 448 च्या पॅकमध्ये तेच झालं.

मान्य. पण यातून 'काही करूच नका' हा धडा निघत नाही. निघतो तो असा की पुडी सोडायला लावायची आणि आतल्या वस्तूंचे भाव मात्र दुकानदारावर सोडायचे, हे अर्धं काम आहे. ट्रायने 2024 मध्ये सांगितलं 'वेगळा पॅक द्या', कितीला द्या ते नाही सांगितलं, कारण मोबाईलचे दर ठरवायला कंपन्या मोकळ्या आहेत, दर लागू केल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत ट्रायला कळवलं की झालं. लागू केल्यावर हां, आधी नाही. वीज कंपनीला असं करता येतं का? महावितरणला दर वाढवायचा तर राज्य वीज नियामक आयोगाकडे याचिका टाकावी लागते, खर्च मांडावा लागतो, सुनावणी होते, नागपुरातही होते, तिथे एखादा रिटायर्ड इंजिनिअर जाडजूड फाइल घेऊन उभा राहतो आणि गळती एवढी कशी म्हणून अधिकाऱ्यांना घाम फोडतो.

यावर नागपूरकर हसणार हे मला माहीत आहे. सुनावणी होते अन बिल वाढतेच, मग उपयोग काय. 2025 मध्ये तर मार्चला आलेला दर कमी करणारा आदेश महावितरणच्या हरकतीवरून थांबला आणि जूनमध्ये बदलून आला. बरोबर आहे. पण हे सगळं आपल्याला माहीत कसं झालं? कारण ते कागदावर झालं, कोणी काय मागितलं, कोणी काय फिरवलं हे वाचता येतं आणि कोर्टात जाता येतं. 249 चा पॅक का काढला याचा एक कागद दाखवा मला. कोणत्या खर्चामुळे छोट्या पॅकला 22 टक्के आणि मोठ्याला साडेबारा, याचं उत्तर कोणाला द्यावं लागलं? कोणालाच नाही. हरण्याची संधीसुद्धा मिळाली नाही आपल्याला.

शिवाय मी सगळे दर सरकारने ठरवावे असं म्हणतच नाहीये, तसं झालं तर पुन्हा लँडलाइनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे दिवस येतील. फक्त एकच पायरी. इनकमिंग, ओटीपी आणि सरकारी-बँकेचे एसएमएस, थोडी मिनिटं, अगदी थोडा डेटा, 28-30 दिवसांच्या मुदतीत, म्हणजे एकदम साडेचारशे काढायची गरज नको. त्याचा कमाल दर ट्रायने खर्च बघून, हरकती ऐकून ठरवावा, तो पॅक काढायचा तर आधी परवानगी घ्यावी लागावी, आणि त्यावरचा जीएसटी काढावा. त्याच्या वर कंपनीने पाहिजे ते विकावं, ओटीटी विकावं, एआय विकावं, 3 जीबी नाही तर 30 जीबी विकावा. आणि हे काही जगावेगळं नाहीये. अमेरिकेत, जिथे बाजाराला देव मानतात, तिथे रेगनच्या काळात 1985 पासून लाइफलाइन नावाची योजना आहे, गरीब घराला फोनच्या बिलात सूट मिळते आणि पैसा टेलिकॉम कंपन्यांच्याच वर्गणीतून जमलेल्या फंडातून येतो. असा फंड आपल्याकडेही आहे. कंपन्यांच्या उत्पन्नातले 5 टक्के त्यासाठी कापले जातात, आधी त्याला यूएसओ फंड म्हणायचे, आता डिजिटल भारत निधी म्हणतात. तो मुख्यतः जिथे टॉवर नाही तिथे टॉवर उभारायला वापरतात, ते व्हायलाच पाहिजे, गडचिरोलीत आजही गरज आहे. पण हुडकेश्वरला टॉवर समोर दिसतो आणि बाईच्या फोनला इनकमिंग नाही, हाही कव्हरेजचाच प्रश्न आहे, फक्त नकाशावर दिसत नाही.

डिसेंबरात अधिवेशन भरलं की बर्डी मोर्चांनी भरते, शिक्षकांचा, अंगणवाडीचा, कापूस-सोयाबीनवाल्यांचा. रिचार्जचा मोर्चा मी तरी पाहिला नाही, आणि तो विषय दिल्लीचा असल्यामुळे काढूनही विधानभवनातून काही मिळायचं नाही. जे मिळू शकतं ते कंटाळवाण्या मार्गाने. ट्राय कन्सल्टेशन पेपर काढते, त्यावर कोणीही ईमेलने हरकत पाठवू शकतो, कंपन्यांचे वकील शंभर-शंभर पानं पाठवतात आणि ग्राहकांकडून येतात ती हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, कारण पेपर इंग्रजीत असतो आणि तोपर्यंत आपण ग्रुपवर एकमेकांना बीएसएनएलचे प्लॅन फॉरवर्ड करण्यात दंग असतो. ग्राहक संघटनांनी पुढचा पेपर यायची वाट न बघता पहिली मागणी हीच टाकावी की प्रत्येक पॅकच्या दरात जोडणीचे किती आणि डेटाचे किती ते दोन वेगळ्या ओळीत छापा, सोबत जीएसटीची तिसरी ओळ. पॅकचा आकडा तोच राहू द्या हवं तर. 299 च्या खाली त्या तीन ओळी आल्या की ज्याला लूट म्हणायचं त्याला नेमकं कशाला म्हणायचं ते कळेल, आणि ज्याला स्वस्त म्हणायचं त्यालाही.